काळ्या मातीची परवानगी

माघ सरला की नांदेड-लातूरकडे भल्या पहाटे सायकलस्वारांचे जथे बाहेर पडू लागतात. डोक्यावर हेल्मेट, खाली गिअरची सायकल आणि वाट शक्यतो नदीच्या कडेची. नांदेडहून गोदावरीच्या काठाने, लातूरहून मांजरेच्या अंगाने, आणि पायांत बळ असेल तर थेट किनवट-माहूरकडे, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या सागवानी जंगलापर्यंत. त्यांच्याकडे पाहून पुण्या-मुंबईचे खूळ इकडे आले, असे म्हणण्याची पद्धत आहे. सायकल परदेशातून आली, हेल्मेट तिकडूनच आले, ‘राइड’ हा शब्दही उसना, हे सगळे खरे. पण वसंतात, जथ्याने, नदीच्या काठाकाठाने निघणे ही या मुलखाची फार जुनी चाल आहे. कोणा एकाच्या हौसेतून ती निघालेली नाही. इथल्या काळ्या जमिनीने आणि इथल्या नद्यांनी ती घालून दिली, आणि वाहने बदलत गेली तरी ती टिकून राहिली, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात मातीपासून करावी लागते, कारण मराठवाड्यात प्रवासाचे पंचांग मातीने लिहिले आहे. इथली काळी रेगूर पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी घसरडी, डिंकासारखी चिकट होते. पक्की सडक नव्हती त्या काळात मृगापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत एका गावची गाडी दुसऱ्या गावी नेणे म्हणजे बैलांचा छळ होता. चाक तुंब्यापर्यंत रुते आणि लाल कंधारी किंवा देवणी बैलांची धिप्पाड जोडीही गुडघे टेकी. पुढे हीच माती वाळते, आकसते, भेगाळते आणि माघ-फाल्गुनात दगडासारखी घट्ट होते. त्याच सुमारास रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई खळ्यावर येते. धान्य घरात पडले की माणूस आणि बैल दोघेही मोकळे. नद्याही तेव्हाच ओसरतात. जिथे श्रावणात नावेशिवाय पलीकडे जाता येत नसे, तिथे फाल्गुनात घोट्याएवढ्या पाण्याचा उतार सापडे. उघड्या माळावर मात्र ना सावली, ना पाणी, ना चारा. या तिन्ही गोष्टी मिळतात त्या नदीच्या कडेला, करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुनाच्या झाडोऱ्यात. म्हणजे निघायचे केव्हा हे जमिनीने ठरवले आणि जायचे कुठून हे नदीने.

या हंगामाचा आणि या वाटेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे लमाणांची, म्हणजेच बंजाऱ्यांची लदेणी, बैलांच्या पाठीवर माल लादून नेण्याचा धंदा. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमध्ये मीठ आणि धान्य आत नेण्याचे, फौजांना रसद पुरवण्याचे काम बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांनी केले. मोगलांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला, मराठ्यांनी ठेवला, आणि टिपूवर चालून जाणाऱ्या कॉर्नवॉलिसपासून १८०३ च्या वेलस्लीपर्यंत इंग्रज सेनापतींनीही ठेवला. पाठीवर गोण्या लादलेला बैल गाडीच्या रस्त्याची वाट पाहत नाही. त्याला रोज संध्याकाळी पाणी आणि चरायला गवत लागते, म्हणून तांड्याची मजल पाणवठ्यावरून पाणवठ्यावर पडे. पावसाळ्यात बैल बसून राहत, जमीन वाळली की निघत. आणि ते जथ्यानेच निघत, कारण एकट्या-दुकट्याला जंगलात वाघाचे भय, माळावर लुटारूंचे. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाडीला दोन चाकोऱ्या लागतात, एकामागून एक चालणाऱ्या बैलांना एकच. लादलेल्या बैलांनी पाडलेली वाट अरुंद असते, झाडाला वळसा घालून जाते, चढ अंगावर घेत नाही, उतारापाशी नेमकी नदीत उतरते. सायकललाही एकच चाकोरी लागते. आज डोंगरातल्या किंवा नदीकाठच्या ज्या वाटेवर मोटार जात नाही आणि सायकल सुखाने जाते, ती बहुधा कोणी सायकलसाठी आखलेली नसते. आधी तिथून खूर गेलेले असतात. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट, माहूर, मुखेड आणि लातूरकडच्या अहमदपूर, जळकोट भागात आजही तांडे आहेत. लदेणी संपून शंभरावर वर्षे झाली, तरी बंजाऱ्यांचा सर्वांत मोठा सण फाल्गुनातली होळी आहे, लेंगीची गाणी तेव्हाच गायली जातात, आणि पैनगंगेपलीकडे वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला मोठी यात्रा भरते ती चैत्रात, रामनवमीला. ज्या समाजाचे आयुष्य वाटेवर गेले त्याने आपले सण कोरड्या वाटेच्या दिवसांत ठेवले, यात मला योगायोग दिसत नाही.

दुसरा पुरावा घोड्याचा. जुन्या कागदांत गोदाकाठच्या प्रदेशाला गंगथडी म्हणतात, कारण इकडच्या माणसाची गंगा म्हणजे गोदावरीच. आणि मराठ्यांची लहान चणीची, काटक तट्टे ज्या खोऱ्यांत पैदा होत त्यांत भीमथडीबरोबर गंगथडीचेही नाव येते. घोडा नदीकाठच्या कुरणावर वाढे आणि नदीकाठच्या वाटेनेच धावे. मोहिमेचा काळ दसऱ्याला सुरू होई आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपे, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. पण इकडच्या भूमीवर तो ताळा किती चोख बसतो ते पाहावे. सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीर आणि औसा यांच्या दरम्यान कोंडून शरण आणले ते ३ फेब्रुवारी १७६० ला, म्हणजे ऐन माघात. त्यानंतर उत्तरेकडे जाणारी फौज पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून निघाली ती मार्चमध्ये. मराठे आणि निजाम यांची शेवटची मोठी लढाई मांजरेच्या उगमाकडच्या डोंगराळ भागात, खर्ड्याला झाली, तारीख ११ मार्च १७९५. पहाटे कूच, ऊन चढले की मुक्काम, हा शिरस्ता त्या फौजांचाही होता. उन्हाच्या भीतीने पाच वाजता निघून नऊच्या आत घरी परतणाऱ्या आजच्या सायकलस्वाराने तो नव्याने शोधलेला नाही.

यावर इतिहास वाचणारा लगेच राक्षसभुवन पुढे करील, आणि ते बरोबरच आहे. १० ऑगस्ट १७६३, ऐन श्रावण, गोदावरीचा काठ, आणि मराठ्यांचा मोठा विजय. मग पावसाळ्यात फौजा हलत नव्हत्या हे कसे म्हणायचे? पण ती लढाई कशी जिंकली गेली ते पाहिले की आक्षेप उलटतो. निजाम अली आपल्या निम्म्या फौजेसह नदी ओलांडून गेला होता, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला होता. माधवराव आणि राघोबादादा त्याच्यावर तुटून पडले. समोरच्या तीरावरून निजामाला भरल्या गोदावरीपुढे काही करता आले नाही, आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. वसंतातली गोदावरी फौजेला वाट देते, श्रावणातली तिचे दोन तुकडे करते. पावसाळ्यात निघण्याची किंमत काय पडते, याचे याहून ढळढळीत उदाहरण मराठवाड्याच्या इतिहासात नाही.

वारीचा आक्षेप याहून अवघड आहे. मराठी माणसाचे सर्वांत मोठे सामूहिक चालणे आषाढात, भर पावसात होते, आणि मराठवाड्यातून पैठणच्या नाथांची पालखी त्याच दिवसांत निघते. तेव्हा जथ्याने निघण्याचा हंगाम वसंत, हे म्हणणे वारीपुढे टिकते का? टिकते, पण त्याला एक मर्यादा घालून घ्यावी लागते. वारी पायांची आहे. पाय चिखलातून उचलून पुढे टाकता येतो. खूर कष्टाने निघतो आणि चाक निघतच नाही. काळ्या मातीतून पावसात सायकल ढकलून पाहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको: मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गारा असा बसतो की चाक फिरणे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय वारी नदीच्या काठाने जात नाही, नद्या ओलांडत जाते. तेव्हा माझा दावा सगळ्या प्रवासाचा नाही, खुराच्या आणि चाकाच्या प्रवासाचा आहे. आणि पंढरीच्याही वर्षातून चार वाऱ्या आहेत. माघी आणि चैत्री या त्यांतल्या दोन, त्यांच्याकडे आषाढीच्या गजरात सहसा कोणाचे लक्ष जात नाही इतकेच.

आता खरा कठीण मुद्दा. लमाण पोटासाठी निघे, शिलेदार हुकमाने निघे. सायकलस्वार कशासाठीच निघत नाही. तो एक वळसा घालून जिथून निघाला तिथेच परत येतो. गरजेच्या प्रवासाला हौसेच्या फेरीचा पूर्वज म्हणणे ही ओढाताण नाही का? याचे उत्तर खुद्द नांदेडमध्ये दर वर्षी रस्त्यावर दिसते. होळीच्या दिवसांत तख्त सचखंड श्री हजूर साहिबहून हल्लाबोलची मिरवणूक निघते. गुरू गोविंदसिंगांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आनंदपूरला होला मोहल्ल्याची प्रथा घातली, ती लुटुपुटीच्या लढाईच्या रूपात. १७०८ मध्ये ते गोदाकाठी नांदेडला आले, इथेच त्यांचा अंत झाला, पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी आजच्या सचखंडाचे बांधकाम करवले, आणि ती प्रथा गोदावरीच्या काठी रुजली. निशाण पुढे, घोडे, शस्त्रे, निळ्या वेशातले निहंग. ठरलेल्या ठिकाणी पुकारा होतो आणि सगळा समुदाय एकदम पुढे धाव घेतो. गुरूंच्या घोड्यांच्या वंशातले मानले जाणारे घोडे श्रद्धेने सजवून मिरवले जातात. ही मिरवणूक कोणता माल पोचवीत नाही, कोणता किल्ला घेत नाही. ती निघते आणि पुन्हा गुरुद्वाऱ्याकडे वळते. वसंतात, जथ्याने, घोड्यांसह, अंगातली रग आणि सोबतीचा आनंद यांसाठी निघून मूळ जागी परतणे म्हणजे वळशाची फेरीच. ती धर्माच्या छत्राखाली आहे म्हणून तिच्यातली रग आणि आनंद कमी होत नाहीत. नांदेडच्या नदीकाठी शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे, तिथे गुरूंनी शिकार केल्याची कथा सांगतात. तो प्रसंग वसंतातला नव्हे, पण नदीकाठच्या घोडदौडीची आठवण गावाने जागेच्या नावातच जपली, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. गरजेने पाडलेल्या वाटेवर सण चालू लागतो आणि सणाच्या मागून हौस येते. आपल्याकडच्या बहुतेक जत्रांची कथा हीच आहे.

सायकल या साखळीत उशिरा आली. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज नांदेडवरून धावू लागली. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ मध्ये लातूरला पोचले. या दोन रेल्वेंनी लदेणीच्या उरल्यासुरल्या धंद्याची अखेर केली, आणि स्टेशनापासून बाजारापर्यंतचे, बाजारापासून गावापर्यंतचे अंतर मात्र तसेच ठेवले. ते अंतर पुढे सायकलने भरून काढले. निजामी राजवटीत ती परदेशी बनावटीची आणि मोजक्यांच्या घरची वस्तू होती. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो असे देशी कारखाने उभे राहिल्यावर ती गावोगाव दिसू लागली. तासाने भाड्याची सायकल देणारी दुकाने, नगरपालिकेचा बिल्ला, लग्नात जावयाला घड्याळ-रेडिओच्या जोडीने सायकल, कॅरिअरवर दुधाच्या कॅना, हे सगळे त्या पुढच्या तीन-चार दशकांतले. मग मोटारसायकल आली आणि सायकल गरिबाची ठरली. आज मराठवाड्यात रोज सायकल चालवणारी सर्वांत मोठी संख्या बहुधा शाळकरी मुलींची असेल, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर गावाहून शाळेला जाणाऱ्या. त्यांच्या जाण्या-येण्याला कोणी खूळ म्हणत नाही आणि राइडही म्हणत नाही.

झाडीच्या बाबतीत मात्र फार अभिमान बाळगण्यासारखी स्थिती नाही. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. तिथली नदीकाठची झाडी म्हणजे मांजरा, तेरणेच्या दरडीवर उरलेली बाभूळ आणि करंज. खरे जंगल नांदेडच्या उत्तरेला, पैनगंगेच्या खोऱ्यात. होळीच्या सुमारास तिथे पळस पेटलेला असतो, मोहाची फुले पडत असतात, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा खडक उघडा पडलेला असतो. ही नदी कित्येक वर्षे निजामाचा मुलूख आणि वऱ्हाड यांच्यातली सीमा होती, आणि किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. तिथल्या वाटा गोंड, कोलाम, आंध आणि लमाण यांच्या पायांनी पडल्या. निजाम सरकारने जंगल राखीव केले तेव्हा आदिलाबादेत गोंड-कोलामांच्या वस्त्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या. त्याच असंतोषातून कोमाराम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यामुळे जंगलातली वाट निसर्गाने आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे असे कोणी समजू नये. ज्यांची ती होती त्यांना तिच्यावरून हाकलण्याचा इतिहास फार जुना नाही, आणि आजही त्या वाटेने मोह वेचायला जाणाऱ्या बाईचा हक्क सायकलस्वाराच्या आधीचा आहे.

शेवटचा आक्षेप नदीकडूनच येतो, आणि तो मला पूर्ण मान्य करावा लागतो. वसंतात ओसरणारी गोदावरी आता नांदेड जिल्ह्यात राहिलेली नाही. वर पैठणला जायकवाडी, शहराच्या तोंडाशी विष्णुपुरी आणि खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा. बाभळीची दारे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात आणि उरलेले आठ महिने पाणी अडवता येते. म्हणजे जुना क्रम उलटा झाला. ज्या महिन्यांत उतार उघडे पडत त्याच महिन्यांत ते साठ्याखाली जातात. मांजरेची गत याच्या विरुद्ध. एप्रिल २०१६ मध्ये, ऐन चैत्रात, लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, तेव्हा नदीच्या पात्रात ओलावाही नव्हता. एका नदीचे उतार बुडाले, दुसरीचे पाणवठे आटले. वाट म्हणून पात्राचा उपयोग दोन्हीकडे संपला आणि उरली ती फक्त दरडीवरची पाऊलवाट.

ती तरी राखता येईल, कारण ती कागदावर आहे. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पाणंद रस्ते मोकळे करण्यासाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, पण तिचा भर शेतात यंत्र आणि गाडी नेण्यावर आहे. एकेरी रेषांकडे कोणी पाहत नाही, आणि त्या दर नांगरटीला बांधाबरोबर थोड्या थोड्या नाहीशा होतात. दर रविवारी नदीकाठाने जाणाऱ्या जथ्यांनी पुढच्या फेरीआधी आपल्या वाटेवरच्या गावांचे नकाशे तलाठ्याकडून मागून घ्यावेत आणि एकेरी तुटक रेषा जागेवर किती उरली आहे ते चाकाखाली मोजून ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. मृगाचा पाऊस पडेपर्यंत जमीन कोरडी आहे.